कंट्रोल रूम कुठे बसवायची

शाळेच्या हॉलचं नूतनीकरण निघालं, तेव्हा लाइट-साउंडची कंट्रोल रूम कुठे बसवायची एवढाच प्रश्न आमच्या समितीकडे होता. आठ बाय सहाची खोली. वर्षभरात खोली काही झाली नाही, किस्से मात्र स्टाफरूममध्ये मावेनासे झाले.

समितीत आम्ही चौघं. मुख्याध्यापिका, आमचाच माजी विद्यार्थी असलेला आर्किटेक्ट ओंकार, मराठी शिकवणारी मी आणि प्रयोगशाळा सहायक कांबळे. कांबळे सव्वीस वर्षं गॅदरिंगचे लाइट सांभाळत होते, विंगेत स्टुलावर बसून. येत्या गॅदरिंगनंतर निवृत्त होणार होते. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "सगळी नाटकं मी केली, पण समोरून एकही पाहिलेलं नाही. जायच्या आधी एक पाहायचंय."

* * *

विंगेतून अंदाज चुकायचाच. एका वर्षी पाचवीतला मुलगा झाडांवर भाषण करत होता. कांबळ्यांना बाजूने मुलगा आणि उजेड एका रेषेत दिसत होते. प्रत्यक्षात मुलगा चार पावलं अलीकडे, मिट्ट अंधारात. उजेडाचं वर्तुळ मोकळ्या फळ्यांवर.

मुख्याध्यापिका नंतर म्हणाल्या, "कांबळे, उजेड सुंदर पडला होता. पुढच्या वेळी त्यात कुणाला तरी उभं करू."

* * *

ओंकारने पहिल्या नकाशात खोली मागच्या भिंतीवर, छताजवळ दाखवली. वर जायला लोखंडी शिडी. "सर, इथून बर्ड्स आय व्ह्यू मिळतो."

कांबळ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. त्यांनी नकाशा शांतपणे घडी करून परत दिला. "पक्षी नेमा मग."

* * *

मग मागच्या स्टोअररूमला मोठी काच बसवून चाचणी घेतली. दिसत होतं छान, पण काचेआड ऐकू येईना. म्हणून कांबळे आवाज वाढवत गेले. प्रार्थना चालू होती. तिसऱ्या कडव्याला शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

"आमची प्रार्थना पाठ झाली," ते म्हणाले. "आता गणित घ्या."

त्या दिवशी कांबळे म्हणाले, "खोली नकोच. हॉलमध्ये एक टेबल द्या."

* * *

टेबल कुठे, हे ठरवायला एका शनिवारी मी आणि कांबळे रांगेरांगेतून बसून पाहत होतो. नवव्या रांगेत मी बसले आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली. गॅदरिंगला हे ऑफिसातून उशिरा यायचे, तेव्हा मी अशीच जागा धरून ठेवायची. हे गेल्याला दीड वर्ष झालं होतं.

कांबळ्यांनी पर्सकडे पाहिलं. ती खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसले, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेज न्याहाळू लागले.

"इथून सगळं दिसतं," शेवटी म्हणाले. "इथेच करू. आणि मॅडम, कुठला लाइट कधी, ते क्यू वहीतून वाचायला मला शेजारी कुणीतरी लागेल."

त्या रांगेतल्या चार खुर्च्या काढल्या.

* * *

गॅदरिंगला सातवीचं नाटक होतं, हरवलेल्या कुत्र्याचं. कांबळे टेबलाशी, शेजारी वही घेऊन मी. एकही क्यू चुकला नाही. शेवटी कुत्रा सापडतो, मुलगी त्याला मिठी मारते आणि अंधार.

मिठी झाली. मी म्हटलं, "ब्लॅकआउट."

उजेड तसाच. टाळ्या पडल्या, थांबल्या, लोकांनी एकमेकांकडे बघून पुन्हा वाजवल्या. मुलगी मिठी सोडेना. कुत्रा झालेल्या मुलाला काय करावं सुचेना, म्हणून तो शेपूट हलवायला लागला. पहिल्या रांगेतून मुख्याध्यापिका मागे वळल्या.

मी हळूच म्हणाले, "कांबळे, अंधार करा. नाटक संपलं."

त्यांची नजर स्टेजवरच होती. "माहितीये मला," ते म्हणाले. "बघू द्या हो जरा."