‘फ्रेंड’ आणि दोघी भुजल्या

जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यावर आमच्या वर्तमानपत्राने भंडाऱ्यासाठी वेगळं पान सुरू केलं. गोंदियाच्या बातम्या तिकडे गेल्या, पानाची जागा मात्र तेवढीच राहिली. डाव्या कोपऱ्यात रोज सात ओळी रिकाम्या उरत. त्या भरायला ‘रोज एक इंग्रजी शब्द’ अशी चौकट ठरली आणि ते काम माझ्याकडे आलं. एक शब्द, त्याचा अर्थ, वाक्यात उपयोग आणि तीन समानार्थी शब्द. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं ती कापून वहीत चिकटवत. एखादा शिक्षक फोन करून चूक दाखवी. यापलीकडे त्या चौकटीचा कुणाला उपयोग होत असेल असं मला वाटत नव्हतं.

‘फ्रेंड’ हा शब्द असाच एका दिवशी गेला. अर्थ : मित्र, मैत्रीण. उपयोग : शी इज माय फ्रेंड. समानार्थी : पाल, मेट, कम्पॅनियन. लिहायला दहा मिनिटंही लागली नसतील.

काही महिन्यांनी पवनीकडून दोघं जण कार्यालयात आली. साठीची एक बाई आणि तिच्या गावचा एक शेतकरी. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि सगळी नव्या वसाहतीत राहायला आली होती. शेतकऱ्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला.

“इंग्रजी शब्द तुमीच छापता काय जी?”

“हो.”

“त आमचा अर्ज तुमच्या शब्दानं पडला.”

मी त्यांना बसायला सांगितलं. शेतकऱ्याने सांगितलेली हकिकत अशी. जुन्या गावात या बाईचं आणि तिच्या भुजलीचं परसदार एकच होतं. मधल्या कुंपणाला ये-जा करायला फट होती. नव्या वसाहतीत भूखंड चिठ्ठ्या टाकून मिळाले. भुजलीला पहिल्या गल्लीत मिळाला, या बाईला शेवटच्या. भुजलीची नजर जवळजवळ गेलेली. नव्या गल्ल्या सगळ्या सारख्या, घरं सारखी. ती दोनदा वाट चुकली आणि तेव्हापासून दाराबाहेर पडली नव्हती. तिच्या घराला लागूनचा भूखंड या शेतकऱ्याचा. तो अदलाबदलीला तयार होता. “मले शेवटचाच पायजे होता. बैलायले जागा हाय तिथं,” तो म्हणाला.

नियमात अदलाबदल बसत होती. कारण द्यावं लागे आणि पडताळणी होई. पुनर्वसन कार्यालयाचे साहेब परप्रांतातले, म्हणून तिथल्या बाबूने अर्जाचा गोषवारा इंग्रजीत केला. त्याच्या टेबलाच्या काचेखाली माझ्या चौकटीची कात्रणं होती. भुजली म्हणजे कोण, असं त्याने विचारलं. जीवाची मैतरीन, असं उत्तर मिळालं. त्याने ‘फ्रेंड’ लिहिलं. साहेबांनी खात्री करा म्हटलं. बाबूने दोघींना वेगवेगळं बोलावून एकीला दुसरीचं नाव विचारलं. दोघीही गप्प राहिल्या. शेरा पडला : अर्जदार महिला व तिची मैत्रीण यांना एकमेकींची नावे सांगता आली नाहीत. अर्ज नामंजूर.

“म्हने, दोस्ताचं नाव मालूम नायी, असी कोन्ती दोस्ती?” शेतकरी सांगत होता. “मी म्हनलो, मले इचारा, मी सांगतो. त म्हने, तुमी मधात बोलू नका.”

“काहून नाही सांगितलं?” मी बाईला विचारलं.

“नाव नायी घेत जी भुजलीचं.”

मग तिने सांगितलं. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब, म्हणजेच भुजल्या, तळ्यात सोडतात. थोडे कोंब हातात ठेवून ज्या दोघी एकमेकींना देतात, त्या जन्मभराच्या भुजल्या होतात. त्यानंतर नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणायचं. भांडायचं नाही. “बहिनी त भांडतेत. भुजलीसंग भांडन नायी करत,” ती म्हणाली. या दोघींनी दहा-बारा वर्षांच्या असताना कोंब बदलले होते.

मी वही काढली. सवयीने तिचं नाव, वय, गाव विचारलं. तिने सांगितलं. “आणि त्यांचं नाव?” मी विचारलं. ती खिडकीकडे पाहू लागली.

शेतकरी हसला. “घ्या! आता तुमीबी थेच इचारलं.”

त्या संध्याकाळी मी या चालीविषयी इंग्रजीत एक पान लिहिलं. फेरसुनावणीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो. दोघी बाकावर बसल्या होत्या. न दिसणारीने दुसरीच्या पदराचं टोक धरलं होतं. साहेबांनी माझं पान दोनदा वाचलं. माणूस सौजन्याचा होता. ते म्हणाले, मला पटतं, पण कागदावर शेरा आहे. यांनी एकदा माझ्यासमोर नाव सांगावं, शेरा आत्ता बदलतो.

बाबूने ते मराठीत सांगितलं आणि आवाज खाली आणला. “आजी, घेऊन टाका एक डाव. आमी कोनाले सांगत नायी.”

मीही म्हणालो, “एकदाच घ्या.”

बाई माझ्याकडे वळली. “घ्याचंच असतं त मांगच घेतलं असतं, भाऊ. पन मंग तिच्या बाजूले राहाले जाईन कोन? मी त तिची भुजली नायी रायली ना.”

न दिसणारी उठून उभी राहिली. “सोड वं भुजली. चाल, ऊन होऊन राहिलं.”

अर्ज दुसऱ्यांदा नामंजूर झाला. साहेबांना दुसरं काही करता आलं नसतं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

बाहेर पायऱ्यांवर शेतकऱ्याने टोपी झटकली. “कागद त्यायचा, घर आपलं,” तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने बैलबंडी जुंपली. सकाळी आपलं सामान शेवटच्या गल्लीत नेलं, दुपारी बाईचं सामान पहिल्या गल्लीत आणलं. सरकारी यादीत नावं होती तिथेच राहिली.

वाटप एकाला आणि ताबा दुसऱ्याचा, ही माझ्या पानाची बातमी होती. मी असे प्रकार याआधी दिलेही होते. हा दिला नाही. कार्यालयात कुणाला सांगितलंही नाही.

हिवाळ्यात त्या बाजूला गेलो तेव्हा वसाहतीत थांबलो. पहिल्या गल्लीत दोन घरांच्या दारांमध्ये, कमरेच्या उंचीवर, बैलाच्या दाव्याची जाड दोरी बांधलेली होती. एक म्हातारी त्या दोरीला हात लावून सावकाश पलीकडे चालली होती. पलीकडच्या दारातून आवाज आला, “भुजली, पुढं पायरी हाय.” तिने पाय उचलला.