काळी टिकली

माणिकपूरला लॅपटॉप दुरुस्त करणारा एक माणूस आहे. लॅपटॉप हातात घेतला की आधी विचारतो, "घरात कोन कोन वापरतं?" परवा मी म्हणालो, "आता मीच. लिनक्स आहे. कॅमेरा चालू होतो, पण चित्र काळंच येतं."

त्याने दोन कमांड दिल्या. सिस्टिमला कॅमेरा सापडत होता, शेजारचा बारीक दिवाही लागला. दुसरा कोणी असता तर सगळं पुसून नवीन टाकू म्हणाला असता. हा मात्र स्क्रीनच्या वरच्या काळ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिला आणि एका जागी थांबला. कॅमेऱ्याच्या भिंगावरून त्याने नखाने एक बारीक काळी टिकली सोडवली.

"वहिनींनी लावली असेल," तो म्हणाला. "कोनी बघू नये म्हनून लावतात."

बायको जाऊन चार महिने झाले होते. मी त्याच्या नखावरच्या टिकलीकडे बघत राहिलो. माझं मघाचं "आता मीच" त्याला आठवलं असावं. टिकली त्याने फेकली नाही, कीबोर्डच्या कोपऱ्यात दाबून बसवली. मग चित्र दाखवायला लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. स्क्रीनवर माझा चेहरा उमटला. माझ्याकडे एकदा पाहून त्याने लॅपटॉप हळूच परत स्वतःकडे वळवला.

"जरा अजून चेक करतो," म्हणाला.

चेक करायचं काही उरलं नव्हतं.