गाणं ऐकणाऱ्यांविरुद्धची तक्रार

ती घटना आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यातलं बरंचसं आता मनात निवलं आहे. हे मात्र निवत नाही, आणि यात तर रक्ताचा थेंबही सांडला नव्हता.

तेव्हा मी धाराशिव शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका सकाळी अधीक्षक कार्यालयातली बैठक आटोपून परत आलो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलाभोवती हशा पिकला होता. टेबलासमोर तिशीतली एक बाई उभी होती आणि तिच्या मागे पांढऱ्या टोपीतले एक वृद्ध गृहस्थ. हसत नव्हते ते हे दोघंच. काय प्रकार आहे म्हणून विचारलं, तर अंमलदार हवालदार हसू दाबत म्हणाला, "साहेब, बाईंची तक्रार आहे की त्यांचं गाणं लोक फार ऐकतायत."

पोलीस ठाण्यात हौसेने कोणी येत नाही. बाईमाणूस तर दहा वेळा विचार करून पायरी चढते. तिच्यावर हसणारा पोलीस मला कधी खपला नाही. हवालदाराला मी सगळ्यांसमोर झापलं आणि दोघांना माझ्या खोलीत बसवलं.

बाई बेंबळीच्या बाजूच्या एका गावच्या. घरीच ब्लाऊज शिवायच्या, पिको-फॉल करायच्या. नवरा टेम्पो चालवायचा. तो भाडं घेऊन बाहेरगावी गेलेला, म्हणून सासरे सोबत आले होते. माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, घरात कानडी आणि दाराबाहेर मराठी. ज्वारी हुरड्यात आली की आई रानात पाखरं राखायची. त्या वेळी ती जी आरोळी द्यायची, तिच्यावरून या बाईंनी एक गाणं रचलं होतं. शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत ते रेकॉर्ड करून मोबाईलवर गाणी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपवर टाकलं होतं. पाठीशी ना कंपनी, ना ओळख.

मला यातलं काही कळत नाही, पहिल्यापासून सांगा, असं मी म्हणालो. त्यांनी फार सोपं करून सांगितलं.

"आता लोकं एकेक गाणं हुडकत बसत न्हाईत, साहेब. कुणीतरी गाण्यांची माळ करून ठिवलेली असती. ती लावायची आन् आपल्या कामाला लागायचं. त्या माळंत गेलं तरच आपलं गाणं कुणाच्या कानावर पडतं. न्हायतर असून नसल्यासारखंच."

या माळेला प्लेलिस्ट म्हणतात. अशा माळा करणाऱ्या लोकांना त्या कितीतरी महिने संदेश पाठवत होत्या. आधी त्यांची माळ सबंध ऐकायची, मग आपलं गाणं तिथे का शोभेल ते दोन ओळींत लिहायचं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी पैसे मागितले, ते यांनी दिले नाहीत. शेवटी नागपूरच्या एका बाईंना गाणं आवडलं आणि त्यांनी आपल्या माळेत ते घेतलं. तिथून अ‍ॅपच्या स्वतःच्या मोठ्या मराठी माळेतही ते गेलं. परमुलखातली माणसं यांना लिहायला लागली. सासऱ्यांनी चावडीवर बसून गावाला ते गाणं ऐकवलं.

आणि एके दिवशी गाणं गायब झालं. अ‍ॅपकडून सूचना आली होती की या गाण्याचे श्रोते बनावट आहेत, कृत्रिम मार्गाने ते वाढवल्यामुळे गाणं काढून खातं बंद करण्यात येत आहे. गावाने याचा एकच अर्थ लावला. हिने ऐकणारे विकत आणले. दीर तर घरात तोंडावर तसं बोलला.

सासरे पुढे सरकले. ते म्हणाले, "सून खोटी का खरी, एवढंच सांगा साहेब. म्हंजी पुढचं आमाला ठरवता येईल."

पुढचं म्हणजे सुनेला घरात ठेवायचं की माहेरी धाडायचं, ते मला कळलं. बाईंनाही कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मग मोबाईल पुढे केला. गाणं कुठल्या गावात, कोणत्या वेळी किती ऐकलं जातं हे गायकाला दिसतं; खातं बंद होण्याआधी त्यांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते. वाढलेले श्रोते जवळजवळ सगळे धाराशिवचे होते, आणि रात्रभर ऐकणारे.

"आमच्या गावात रातच्याला कुत्रंबी जागं नसतं," त्या म्हणाल्या. "हे ऐकणारे झोपतच न्हाईत."

मी त्यांना गाणं म्हणून दाखवायला सांगितलं. आढेवेढे न घेता त्यांनी ती पहिली आरोळी दिली, लांब आणि चढती, शेवटी जीभ टाळूला लावून थरथरवलेली. बाहेरच्या टेबलावरची कुजबुज थांबली. हवालदार दारात येऊन उभा राहिला.

अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि प्रकरण सायबर शाखेकडे पाठवलं. तिकडून उत्तर आलं, 'सदर अर्जाचे अवलोकन केले असता कोणताही दखलपात्र गुन्हा दिसून येत नाही.' अ‍ॅप म्हणत होतं बाई खोटी आहे. सरकारी कागद म्हणत होता काही घडलंच नाही. तो कागद मी टेबलावर आपटला. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

मग एक खबर आली. आमचा एक जुना खबऱ्या बाजारात चहाची गाडी लावायचा. त्याचं म्हणणं, बंद पडलेल्या औजारांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्रिकेटचा सट्टा चालतो. एक तरुण सतत आत असतो, कोणी गिऱ्हाईक येत नाही, खिडक्यांना पुठ्ठे लावलेत आणि पंखे कधी थांबत नाहीत. एवढं वर्णन सट्ट्याला पुरेसं होतं. दोन पंच सोबत घेतले आणि भर दुपारी छापा घातला.

आत सट्ट्याचं काहीच नव्हतं. लोखंडी मांडण्यांवर, बेकरीत पाव लावतात तसे, ओळीने मोबाईल लावलेले होते. प्रत्येकाला वायर, प्रत्येकाचा पडदा हलता, आवाज मात्र बंद. समोर मोठे पंखे फोन थंड ठेवत होते. माझा उपनिरीक्षक हिरमुसला. सट्ट्याची एक चिठ्ठी नाही, आता पंचनाम्यात लिहायचं काय, म्हणून माझ्याकडे बघायला लागला. मी हवालदाराला म्हटलं, एखाद्या फोनचा आवाज मोठा कर. पहिल्यातून कसलंतरी इंग्रजी गाणं निघालं. दुसऱ्यातून ढोलकी. तिसऱ्याचा आवाज वाढवला आणि त्या बंद खोलीत, अ‍ॅपवरून गायब झालेली ती पाखरं हाकायची आरोळी उठली.

हवालदाराचा हात तसाच राहिला. ठाण्यात हसला होता तो हाच.

तो तरुण पंचविशी ओलांडलेला, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, इस्त्रीच्या शर्टातला. ठाण्यात आणला तरी घाबरला नाही. मी फोनबद्दल विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "गाणी ऐकणं गुन्हा आहे का, साहेब?"

खरं सांगतो, हात शिवशिवला. पण मारून मिळालेलं सत्य कोर्टाच्या पायरीवर गळून पडतं. मी चहा मागवला आणि त्याच्या यंत्रणेचं कौतुक सुरू केलं. गुन्हेगार गुन्हा लपवतो, पण आपली हुशारी लपवणं त्याला जड जातं. थोड्याच वेळात तो खुलला. पुण्याचा एक माणूस होतकरू गायकांना गाठायचा, तुमचं गाणं प्लेलिस्टमध्ये बसवून देतो, श्रोते वाढवून देतो म्हणून पैसे घ्यायचा. ते श्रोते म्हणजे या मांडण्यांवरचे फोन. फक्त पैसेवाल्यांचीच गाणी वाजवली तर अ‍ॅपला संशय येतो. म्हणून मधूनमधून दुसऱ्याच कोणाचीतरी गाणी लावायची, म्हणजे ऐकणारा खरा माणूस वाटतो.

"ती दुसरी गाणी कशी निवडायचास?" मी विचारलं.

"छोटी बघायची. ज्यांच्या मागं कुणी नाही अशी. अ‍ॅपनं काढून टाकली तरी विचारायला कोण येणार?"

"आणि पाखरांचं गाणं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "ते मीच घेतलं. तपासायला एखाद्या फोनवर ऐकावं लागायचं. बाकीची भिकार होती साहेब. ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून अ‍ॅपनं काढलं तरी एका फोनवर उतरवून ठेवलेलं होतं ते वाजत राहिलं."

मी उठून बाहेर गेलो. व्हरांड्यात उभा राहून पाणी प्यायलो. ज्याला गाणं कळलं होतं, त्यानेच ते मारलं होतं.

तरीही प्रश्न उरत होता, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवायचा? कोडं सुटलं ते सिमकार्डांमुळे. फोनमधली सिम कोणाची हे विचारताच त्याची हुशारी गळाली. कंपन्यांकडून माहिती मागवली, तर सगळी वेगवेगळ्या म्हाताऱ्यांच्या नावावर. त्यातलं एक नाव तेर गावच्या एका आजींचं होतं. उपनिरीक्षक जबाब घ्यायला गेला. निराधार योजनेच्या पगाराच्या कामासाठी त्या एका दुकानात अंगठा द्यायला गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, आजी, अंगठा उमटला नाही, परत लावा. त्या परत लावत राहिल्या. प्रत्येक अंगठ्यावर एक सिम निघालं. आजींच्या घरात साधा फोनही नव्हता. जबाब घेताना उपनिरीक्षकाला प्रत्येक प्रश्न ओरडून विचारावा लागला, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं. आणि कागदोपत्री त्या रात्रंदिवस गाणी ऐकत होत्या.

फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि दूरसंचार कायद्याखाली गुन्हा दाखल केला. सिमवाला दुकानदार सापडला, त्याच्यामागून पुण्याचा माणूसही. तो गोड बोलायचा. आपण स्वतंत्र कलाकारांची सेवा करतो, म्हणाला. या बाईंचं काय, असं विचारल्यावर त्याने हात झटकले. "असे छोटे कलाकार येतात आणि जातात, साहेब."

सासऱ्यांना बोलावून मी त्या तरुणाने काय सांगितलं ते समजावलं, फिर्यादीची प्रत हातात दिली. त्यांनी ती दुमडून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे आमाला सांगून काय उपेग? गावात येऊन सांगा."

त्यांचं बरोबर होतं. बाजाराच्या दिवशी मी वर्दीत त्या गावी गेलो. महादेवाच्या देवळापुढच्या पारावर उभा राहून सांगितलं की या बाईंनी एकही श्रोता विकत घेतलेला नाही, आरोपी अटकेत आहेत. दीर मागे उभा होता. तो मान वळवून चालता झाला. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मग कंपनीनं गाणं का काढलं?"

खोटे फोन वाजले म्हणून, असं सांगितलं; पण बाईंना न विचारताच का काढलं याचं, वर्दी घालून, पाराच्या मधोमध उभा राहून माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अ‍ॅपला मी ठाण्याच्या शिक्क्यानिशी लिहिलं, गुन्ह्याची प्रत जोडली. उत्तर क्षणात आलं, म्हणजे ते माणसाने वाचलंच नव्हतं. आपली विनंती मिळाली, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. कार्यालयाचा पत्ता शोधून नोटीस पाठवली, तर वकिलाचं उत्तर आलं की निर्णय यंत्रणेचा आहे आणि तो अंतिम आहे. शेवटी बाईंनी दुसरं खातं उघडून गाणं नव्याने चढवलं. आधी ऐकलेल्याचा सगळा हिशेब पुसला गेला. मोठ्या माळेत ते पुन्हा गेलं नाही. नागपूरच्या बाईंनी मात्र आपल्या माळेत परत घेतलं, तेवढंच.

मी निवृत्त झाल्यावर खटला उभा राहिला. साक्षीला गेलो तेव्हा बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होत्या. आरोपीच्या वकिलाने गालात हसत विचारलं, "तुमचं गाणं जास्त वेळा ऐकलं गेलं. यात तुमचं नुकसान काय झालं?" मागे बसलेले दोघं-तिघं हसले.

बाई म्हणाल्या, "तुमच्या नावानं कुणी खोट्या सह्या केल्या, तर सह्या वाढल्या म्हणून पेढे वाटताल का, वकीलसाहेब?"

न्यायाधीशांनी लेखनिकाला ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

पुण्याचा माणूस जामिनावर आहे. वेगळ्या नावाने तोच धंदा करतो, असं कानावर येतं. बाई गातात. सासरे आता त्यांना स्वतः स्टुडिओत घेऊन जातात, आणि दिरापासून वेगळे होऊन सून-मुलाकडेच राहतात.

सगळी नोकरी मी चोरी म्हणजे काढून घेणं असंच समजत आलो. न मागितलेलं पदरात टाकूनही माणसाला लुटता येतं, हे मला या गुन्ह्याने शिकवलं. दुसरं जे शिकवलं ते मला जास्त टोचतं. हातभट्टीवर रंगेहाथ सापडलेल्या माणसालाही आम्ही विचारतो, तुझं म्हणणं काय. ते लिहून घेतो, वाचून दाखवतो, मग सही घेतो. कितीही नीच आरोपी असो, त्याला तेवढा हक्क आहे. या बाईला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आधी शिक्षा झाली, आरोप नंतर कळला, आणि दाद मागायला समोर माणूसच नव्हता. त्या पोराला मी अटक केली, पुण्याच्या माणसाचं कोर्ट बघेल. पण तिला खोटी ठरवणाऱ्यावर साधं समन्ससुद्धा बजावता येत नाही. त्याच्यावरचा माझा राग कोणत्या ठाण्यात नोंदवायचा, ते कोणीतरी मला सांगावं.