झाडा, झाड आणि सुमनताई

सुमनताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण त्या भांडणात हरलो मीच होतो.

वरोरच्या सुमनताई डहाणूतल्या दवाखान्यातली परिचारिकेची नोकरी सोडून बोर्डीला आमच्या वृद्धाश्रमात रुजू झाल्या, त्याला आता चार वर्षे झाली. मी तिथला व्यवस्थापक, मूळचा साताऱ्याचा आणि शिस्तीचा भोक्ता. संध्याकाळचे जेवण झाले की सगळ्या आजी-आजोबांना ओळीने बसवून मी स्वहस्ते पोट साफ होण्याचे चूर्ण देत असे. प्रत्येकाला एक चमचा, सपाट. कोणाला हवे, कोणाला नको, असले प्रश्न मला पडत नसत.

पहिल्याच दिवशी ताईंनी माझा चमचा पाहिला. "साहेब, सगळ्यांना एकाच मापाची चप्पल आणता का हो?"

"चूर्णाने कोणाचं वाईट झालंय?"

"कोणाला विचारलंत?"

विचारले नव्हते. पण एकीने आपण होऊन सांगितले होते, आणि तिथेच माझी शोभा झाली होती.

तलासरीच्या सविताबेन फक्त गुजराती बोलत. ताई येण्याच्या पंधरा दिवस आधी, मी चमचा पुढे केला तेव्हा खाली मान घालून त्या म्हणाल्या, "भाई, मने बहु झाडा थाय छे." मला वाटले, बाईंना झाडांची फार आवड आहे, घरची वाडी आठवत असेल. माझे मन भरून आले. दुसऱ्या दिवशी मी चिकूचे कलम आणून त्यांच्या खिडकीखाली लावले, वर नारळ फोडला, आणि सर्वांसमक्ष म्हणालो, "हे तुमचं झाड, सविताबेन." त्या तोंड फिरवून आत गेल्या. माझ्याशी बोलणेच सोडले. चूर्ण मात्र चालू होते.

ताईंनी ही हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अहो साहेब, गुजरातीत झाडा म्हणजे जुलाब. बिचारी जुलाबानं हैराण झालीये आणि तुम्ही तिच्या नावानं झाड लावलंत? तिला वाटलं, चेष्टा करताय."

मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यात ताईंनी आणखी एक गोष्ट काढून आणली. आठ दिवसांवर सविताबेनच्या नातीचे लग्न होते, आणि गुडघ्याचे निमित्त सांगून त्यांनी येणार नसल्याचे कळवले होते. मांडवात फजिती होईल, ही खरी भीती. एकुलती एक नात.

ताईंनी डॉक्टरांना विचारून सविताबेनचे चूर्ण त्याच दिवशी थांबवले. मीठ-साखरेचे पाणी, पेज, मऊ भात सुरू केला. बाकीच्यांनाही एकेकाला बाजूला घेऊन हळूच विचारले. ज्यांना खरेच शौचाला खडा होत होता त्यांना डॉक्टरी सल्ल्याने औषध, दिवसभर पाणी, आणि सकाळच्या चहानंतर निवांत बसायला वेळ. पायाखाली ठेवायला बुटके स्टूल आणले. संडासाच्या दाराची कडी कित्येक महिने मोडलेली होती. ताई मला म्हणाल्या, "दार हातानं धरून बसलेल्या माणसाचं पोट कसं साफ होणार?" कडी मी स्वतः बसवली.

लग्नाच्या दिवशी ताई सविताबेनना रिक्षाने तलासरीला घेऊन गेल्या. पिशवीत एक जास्तीची साडी होती. मी दिवसभर फाटकापाशी येरझाऱ्या घालत होतो, जणू नवरी मुलगी माझीच. दिवेलागणीला रिक्षा आली. सविताबेन उतरल्या, लाडवाचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "भाई, आजे एक पण नहीं."

या वेळी मला अर्थ विचारावा लागला नाही. पिशवीतली साडी घडीसुद्धा न मोडता परत आली होती.

ते कलम यंदा चांगले धरले आहे. पहिले पिकलेले चिकू सविताबेननी कोणालाही न देता ताईंसाठी पदराखाली झाकून ठेवले, मला तेवढा एकच मिळाला. सुमनताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पुढे कधीतरी त्या आमच्याच आश्रमात राहायला आल्या, तर त्या चिकूशेजारची खोली त्यांचीच. चमचा घेऊन मी येणार नाही. आलोच, तर आधी विचारीन.