विनीताबाईंनी वाचलेली ओळ

शुगर लँडचे चंदूकाका टिपणीस म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. चौऱ्याहत्तर साली शिकायला म्हणून टेक्ससला आले, ह्यूस्टनच्या एका कंपनीत तेलाच्या पाइपांची गणितं करत पस्तीस वर्षं काढली आणि रिटायर झाले. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल व्हायचे. हे कांचनकाकूंना लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं. पण गेल्या तीन वर्षांत मधुमेहाने काकूंची नजर गेली, समोरच्या माणसाची आकृती तेवढी दिसायची. लाल कान आता त्यांना दिसत नव्हते, आणि नेमकं तेव्हाच काकांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलायला घेतलं.

काकूंना वाचनाचं वेड. दिवाळी अंक पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून वाचायच्या. नजर गेल्यावर काका वाचून दाखवायला बसले, पण त्यांचं वाचन म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. दोन पानांत काकू कंटाळल्या. मग मुलाने, निमिषने, एक उपाय काढला. तो तिकडे पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला, युनिव्हर्सिटीत नोकरीला. त्याने बाबांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकून दिला. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. एक काळी खिडकी उघडायची, त्यात दोन शब्दांची आज्ञा टाइप करायची, की लिहून ठेवलेल्या मजकुराचा चार मिनिटांत बोलता कार्यक्रम तयार. सुरुवातीला सनई, मग एका बाईच्या आवाजात निवेदन, मध्ये हवं तिथे पुरुषाचा आवाज.

ती काळी खिडकी बघून काका हरखले. त्यांची उमेदीची वर्षं गेली होती भोकं पाडलेल्या पंच कार्डांवर आज्ञा लिहिण्यात. हल्लीची रंगीत ॲप्स त्यांना पोरखेळ वाटायची. रोज सकाळी पोह्यांनंतर ते बसायचे आणि 'आजचा कार्यक्रम' टाइप करायचे. आधी तिथी, मग पुण्याच्या मेहुणीचं पत्र, एखादी पाककृती, जुन्या अंकातली कथा, शेवटी गावातल्या महाराष्ट्र मंडळाच्या बातम्या. चारच्या चहाला काकू स्पीकर लावून ऐकायच्या. त्या यांत्रिक बाईचं नाव त्यांनी विनीताबाई ठेवलं होतं, कारण शाळेतल्या विनीताबाई अशाच होत्या म्हणे, कुणी मेल्याची बातमीसुद्धा बक्षीस समारंभासारखी द्यायच्या.

पहिल्याच आठवड्यात काकांनी मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं होतं की ओळीच्या सुरुवातीला # अशी चौकटीची खूण टाकली की ती ओळ विनीताबाई गिळतात. लिहिणाऱ्याला दिसते, ऐकणाऱ्याला नाही. काकू म्हणाल्या होत्या, बरं आहे, तुमच्या मनातलं तिथे लिहीत जा, बोलत तर कधी नाही.

तसंच झालं.

मार्चमध्ये काकूंचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या. रिपोर्ट कॉम्प्युटरवर यायचे आणि ते वाचायचे काका. माझ्या वतीने यांच्याशी बोला, असं काकूंनीच दवाखान्यात पूर्वी सही करून दिलेलं. डॉक्टरांनी काकांना फोनवर सांगितलं: स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. गुरुवारी त्यांना घेऊन या, मला त्यांच्याशीच बोलायचंय. काका हो म्हणाले. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, सूज आहे थोडी, तेलकट बंद.

आता याला काय म्हणावं? टिपणिसांच्या घरात आजाऱ्याला आजाराचं नाव सांगायची पद्धतच नव्हती. काकांच्या वडिलांनाही शेवटपर्यंत अल्सर म्हणूनच सांगितलं होतं, आणि ते बिचारे दूधभात खात, अल्सरचं पथ्य पाळत गेले. पन्नास वर्षं अमेरिकेत राहून काकांनी पासपोर्ट बदलला, ही चाल काही बदलली नाही. गुरुवार आला तसा त्यांनी तो कॉम्प्युटरवरूनच रद्द केला. पुढचाही केला. निमिष त्याच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा संपल्यावर येईल, मग बघू, अशी स्वतःची समजूत घालत राहिले.

निमिषला कळवायचं तरी कसं? घर एकमजली, आणि नजर गेल्यापासून काकूंचे कान इतके तिखट की गॅरेजमध्ये कुजबुजलेलं स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग बापलेकांनी ती गिळायची ओळ धरली. कार्यक्रमाची फाइल निमिषलाही उघडता यायची. मसालेभाताच्या कृतीखाली खूण टाकून काका लिहायचे, आज जेवली नाही, वजन चार पौंड उतरलं. खाली निमिष लिहायचा, बाबा, आईला सांगा. तिचा हक्क आहे. त्याखाली काका, तू तिकडे बसून मला शिकवू नकोस. महिन्याभरात विनीताबाई वाचायच्या त्यापेक्षा न वाचायच्या ओळी जास्त झाल्या.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पंच कार्डाच्या काळात बहात्तर अक्षरांपुढचं मशीन बघतच नसे, म्हणून काकांना सवय, बहात्तर अक्षरं झाली की एंटर दाबायचा आणि पुढची ओळ सुरू करायची. एरवी त्या नव्या ओळीलाही ते आठवणीने खूण टाकायचे. त्या सोमवारी मात्र कॉम्प्युटरवर डॉक्टरांचा पुन्हा निरोप आला होता आणि लक्ष ठिकाणावर नव्हतं. एक ओळ खुणेची झाली. दुसरी उघडीच राहिली. काकांनी आज्ञा दिली, स्पीकर काकूंच्या हाताशी ठेवला आणि औषधांच्या दुकानात गेले.

परत आले तेव्हा कार्यक्रम संपला होता. काकू कपबशी विसळत होत्या. म्हणाल्या, मेथीच्या लाडवात डिंक सांगितलाच नाही हो त्या बाईने. काका हसले.

बुधवारी जुनी फाइल उघडली आणि ती ओळ दिसली. हेडफोन लावून त्यांनी सोमवारचा कार्यक्रम ऐकला. लाडू संपले, आणि त्याच उत्साही आवाजात विनीताबाई म्हणाल्या, "चार ते सहा महिने धरून चालायचं. आईला इतक्यात सांगायचं नाही." मग सनई, आणि मंडळाच्या सहलीची बातमी.

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. छातीत इतकं धडधडत होतं की त्यांना वाटलं, हेही तिला ऐकू जाईल.

ऐकलं असेल का? कधीकधी तिचा डोळा लागतो. पण लाडवांचं तर ऐकलंन! ते शेवटचंच ऐकून मग झोपली असेल. आणि ऐकलं असेल तर बोलली का नाही? दोन दिवस काका बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. काकूंनी कढीपत्त्याच्या कुंडीवरून त्यांना झापलं, पुण्याला बहिणीशी अर्धा तास गप्पा मारल्या, भाकरी केली आणि स्वतः पाव भाकरी खाल्ली. विचारायची काकांची छाती होईना. विचारायचं म्हणजे सांगायचंच की! या माणसाची दया येते, आणि दोन धपाटेही घालावेसे वाटतात.

शुक्रवारी सकाळी काकू स्वतः खुर्ची ओढून कॉम्प्युटरशेजारी येऊन बसल्या.

"आज मी सांगते, तुम्ही लिहा," म्हणाल्या.

काका लिहू लागले. आधी तिथी. मग गोड्या मसाल्याची कृती, निमिषसाठी, दगडफूल किती, खोबरं कितपत भाजायचं, सगळं वाटी-चमच्याच्या मापाने. मेहुणीला निरोप. काकूंचा आवाज एकसारखा चालला होता. मग थांबल्या.

"आता ती खूण टाका. विनीताबाईंनी गिळायची."

काकांनी खूण टाकली. कान पेटले होते.

"लिहा. निमिष, मला सोमवारी कळलं. बाबांना इतक्यात सांगू नकोस, ते खचतील."

काकांचं बोट की-बोर्डवर अडकलं. डोळ्यांपुढचा कॉम्प्युटरचा पडदा धूसर झाला, आता दोघांनाही सारखंच दिसत होतं. तरी त्यांनी एकेक अक्षर लिहिलं. लिहिणं संपल्यावर हुंदका फुटला आणि तो त्यांना आवरता आला नाही. काकूंनी हात पुढे करून त्यांचा खांदा शोधला. धरून राहिल्या.

"मंगळवारी तुम्ही गॅरेजमध्ये होतात तेव्हा दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला," काकू म्हणाल्या. "दोनदा अपॉइंटमेंट रद्द केलीत, आता कधी येता, विचारत होती. शरीर माझं आणि तारीख तुम्ही ठरवायची? फार राग आलाय मला. तीन दिवस वाट बघितली, आज बोलाल, उद्या बोलाल."

"मला जमलंच नाही, कांचन."

"माहितीये. मामंजींना तुम्ही सगळ्यांनी दूधभात भरवलात. मी तेव्हाही गप्प बसले होते. जाताना मला म्हणाले, सूनबाई, हे लोक माझ्याशी काहीच बोलत नाहीत." त्यांनी खांद्यावरचा हात काढून डोळे पुसले. "ती खूण काढून टाका. वाचू दे तिला."

काकांनी खूण काढली आणि आज्ञा दिली. चार मिनिटं दोघं काळ्या खिडकीसमोर बसून राहिले. मग सनई वाजली, तिथी झाली, मसाला झाला, आणि विनीताबाईंनी बक्षीस समारंभाच्या आवाजात ती ओळ वाचली. काकूंना हसू आलं, मग रडू आलं. तिकडे निमिष फाइल उघडेल तेव्हा त्याला खूण न लावलेली ओळ दिसणार होती.

काकांनी फोन उचलून दवाखान्याचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली तसे ते बोलायला घसा खाकरू लागले. काकूंनी अंदाजाने हात पुढे केला आणि फोन आपल्याकडे मागितला.