वनिताने उचललेला पाळणा

माझी धाकटी जाऊ वनिता पालीची, राजगडाच्या पायथ्याची. शाळा सातवीपर्यंत, मग भातलावणी, आणि लग्नानंतर शिवऱ्याजवळ हायवेच्या ढाब्यावर भाकऱ्या थापणं. गाणं तिला कुणी शिकवलं नाही. मी भोरला एसटीने जाऊन सात वर्षं गाणं शिकले, परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं भिंतीवर लावली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा जळफळाट का झाला ते कुणी विचारायला नको.

भीमजयंतीला सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात पाळणा बांधतात, त्यात बाबासाहेबांचा फोटो ठेवतात आणि बाया पाळणा गातात. पहिली ओळ एकटीने उचलायची, मग बाकीच्यांनी तिच्या मागे. हा मान नऊ वर्षं माझा होता. यंदा जेवता जेवता सासूबाई म्हणाल्या, "औंदा पाळणा वनिता उचलंल. छाया, तू पेटीवर बस." शेजारच्या बारशाला मला सर्दी होती म्हणून वनिता गायली होती. तेव्हापासून बायांनी सासूबाईंचे कान भरले होते.

न शिकलेल्या माणसाचा सूर एखाद दिवस लागतो, रोज लागत नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घेतलं. सकाळी वनिता चुलीपुढे गाऊ लागली की मी मोबाईल घेऊन दाराआड उभी. पहिल्या दिवशी तिने काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी काळी चार. अंगात ताप होता त्या दिवशीही काळी चार. सात दिवसांत काटा केसभर हलला असेल. मग मीही सात दिवस रोज खोलीत जाऊन पेटी न उघडता गायले. माझे सात दिवस सात ठिकाणी. पेटी असली की मी सुरात, नसली की माझं काही खरं नाही. ॲप काढून टाकलं. सांगणार कुणाला?

जयंतीला विहार भरला होता. वनिता पांढरी साडी नेसून पाळण्याच्या दोरीशी उभी होती. "ताई, सूर द्या," म्हणाली. मी काळी पाच दिली, तिच्या सुराहून एक पट्टी वर. चुकून नाही. वरच्या ओळींत तिचा गळा फाटावा म्हणून दिली.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या नेहमीच्याच पट्टीत ओळ उचलली. पन्नास बाया तिच्या मागे गेल्या. पेटी एकीकडे आणि सगळा विहार एकीकडे. पोरंसुद्धा वळून बघायला लागली. कडवं संपेपर्यंत मी भाता धरून बसले, मग मुकाट काळी चारवर आले. पुढची अकरा कडवी तिने सूर जागचा हलू दिला नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला आणि त्याचाही मला राग आला.

खीर वाटताना सासूबाईंनी सगळ्यांपुढे विचारलं, "सुरवातीला इस्कोट कशानं झाला?"

मी काही बोलायच्या आत वनिता म्हणाली, "माजं चुकलं, आत्या. ताईंनी सूर बरोबर दिल्ता. म्या घाबरून खाली उचलला."

"मंग फुडल्या साली छायाच उचलंल," सासूबाई म्हणाल्या. "शिकल्यालं माणूस ते शिकल्यालं. तुजं आपलं ढाब्यावरच बरं."

बायांनी माना डोलावल्या.

घरी भांडी घासताना मी वनिताला गाठलं. "खोटं का बोललीस?"

"तुमी सात वर्सं शिकलाय, ताई. चारचौघींत तुमची फजिती व्हाया नगं. माजं काय, भाकरी थापताना बी म्हनता येतं."

गळा तिचा, सूर तिचा, हे मी कसंबसं गिळलं असतं. मनही तिचंच मोठं निघालं, ते मात्र गिळवेना. सासूबाई पलीकडच्या खोलीत होत्या, हाकेच्या अंतरावर. दोन शब्द सांगायचे होते. मी भांडी पुसली आणि फळीवर लावली. पुढच्या वर्षीचा पाळणा माझा आहे.