गिरगावातली झोप

वाईच्या स्टँडवर बाबांनी एसटीच्या खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली आणि म्हणाले, "चार दिवस नीट झोपून ये." स्वतःचे डोळे मात्र लाल. आईच्या लांबलेल्या आजारपणात आम्ही दोघंही रात्रभर तिच्या खोकल्याकडे कान लावून असायचो. आई गेली, पण कानांची सवय काही जाईना. अजूनही आम्ही दचकून उठायचो, अंधारात स्वयंपाकघरात समोरासमोर यायचो आणि "पाणी प्यायला आलो" अशी एकमेकांना थाप मारायचो.

दादरला उतरून टॅक्सी केली. परळ, लालबाग मागे टाकत गिरगावात पोचले. खोताच्या वाडीशेजारच्या चाळीत माझी मावसबहीण सुमाताई राहते. तिनं तळलेला बांगडा आणि सोलकढी पुढ्यात ठेवली आणि जाहीर केलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर योगाला यायचं."

"मी? अगं, मला वाकून चप्पल घालता येत नाही."

"मग अनवाणी ये."

सुमाताईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

चाळीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये वर्ग भरतो. शिकवणाऱ्या परबबाई सत्तरीच्या, मालवणकडच्या, आवाज खणखणीत. आल्या आल्या प्रत्येकीनं आपापल्या जागेपुरती फरशी ओल्या फडक्यानं पुसली, सतरंजी अंथरली आणि उंबरठ्याला करतात तसा तिला नमस्कार केला. मीही केला. थोडं हसू आलं, पण हात जोडल्यावर बरं वाटलं.

ओंकार जमला. वृक्षासनात मात्र मी अशी कलंडले की शेजारच्या काकूंच्या खांद्याला लोंबकळले. "धर गं, लाजतेस काय, मी पण पहिल्यांदा हिलाच धरलेलं," काकू सुमाताईकडे बोट दाखवत म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

शेवटी शवासन. परबबाई म्हणाल्या, "डोळे मिटा. आता कान मिटा. मी जागी आसंय गो (मी जागी आहे गं), तुमी कशाक ऐकतास?"

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती वासानं. योगाच्या हॉलमध्ये सुक्या जवळ्याचा वास! अंगावर कुणाची तरी ओढणी होती, सगळ्या केव्हाच गेल्या होत्या आणि परबबाई भिंतीला टेकून सुपात जवळा (बारीक सुकी कोळंबी) निवडत होत्या. खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं. मी घाईघाईनं उठायला लागले.

"बरां वाटतां मां?" (बरं वाटतंय ना?)

"मला उठवायचं नाही का हो?"

"उठवूचा नाय. हयसर ह्योच नेम." (उठवायचं नाही. इथं हाच नियम.) मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "वर्गात कोण निजली तर एकीनं बसायचं तिच्याजवळ. जागणारं माणूस आसलां की झोप येता. माका तरी घरी जावन ह्योच निवडूचो होतो." (मला तरी घरी जाऊन हा जवळाच निवडायचा होता.)

मी रडले. आई गेल्यावर पाहुण्यांच्या देखत रडले होते, पण हे रडणं वेगळं होतं. माझ्यासाठी कुणीतरी जागं बसलं होतं, एवढंच कारण. परबबाईंनी निम्मा जवळा माझ्यापुढे सरकवला.

उरलेले दिवस मी रोज वर्गाला गेले. पाय काही डोक्यामागे गेला नाही, वृक्षासनाचं झाड शेवटपर्यंत वाऱ्यातच राहिलं. सतरंजीला नमस्कार करताना मात्र हसू येईनासं झालं. परतताना सुमाताईनं वरळी कोळीवाड्यातल्या ओळखीच्या मावशीकडून जवळा आणून दिला. बसमध्ये त्या वासानं शेजारच्या गृहस्थांनी जागा बदलली, मला खिडकी मिळाली.

घरी आल्यावर दुपारी मी फरशी पुसली, सतरंजी अंथरली आणि बाबांना म्हणाले, "हिला नमस्कार करा आणि आडवे व्हा."

"हे काय नवीन?" कुरकुरत त्यांनी नमस्कार केला, आडवे झाले. मी सूप घेऊन जवळ बसले. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "कोण खोकलं का गं?"

"कुणी नाही, बाबा. मी जागी आहे. कान मिटा."

बऱ्याच वेळानं ते घोरू लागले. जवळा निवडून संपला, तेव्हा मी तो आवाज न करता पुन्हा सुपात ओतला आणि पहिल्यापासून निवडायला घेतला.